पाठ फिरते तेव्हा : झुंज, पट आणि प्रेक्षक

बैलांची झुंज म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी स्पेन येते. जरीचे कपडे घातलेला मातादोर, लाल कापड, तुतारी, वाळूचे गोल रिंगण. गोव्यातली धिरयो किंवा सिंधुदुर्गातली झुंज त्यानंतर आठवते, आणि आठवली तरी ‘आपल्याकडची बुलफाइट’ या नावाने. वर्तमानपत्रांचे मथळे हा शब्द वापरतात, बंदीच्या बाजूचे लोक वापरतात आणि बंदी उठवा म्हणणारेही वापरतात. शब्द उसना घेतल्याने फारसे बिघडत नाही. पण त्याच्याबरोबर पाहण्याची एक पद्धतही उसनी आली आहे, आणि तिच्यामुळे डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट आपल्याला धड दिसेनाशी झाली आहे, असे मला वाटते. झुंज पाहणाऱ्यापुढे कशी उलगडत जाते आणि पाहणारा तिच्यात नेमका कुठे उभा असतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. तो मूलतः नाट्यसमीक्षेचा प्रश्न आहे.

आधी स्पॅनिश कॉरिदा पाहू, कारण तुलना तिच्याशीच होत आली आहे. एका दुपारी साधारणपणे तीन मातादोर आणि सहा बैल असतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन. सुरुवातीला सगळ्यांची मिरवणूक निघते. मग प्रत्येक बैलाचे तीन अंक होतात. पहिल्यात घोड्यावरचे भालेकरी बैलाच्या मानेमागच्या स्नायूंत भाला खुपसतात. त्याने बैलाची मान खाली येते. दुसऱ्यात रंगीत कागद गुंडाळलेल्या आकडेदार काठ्या जोडीजोडीने त्याच्या खांद्यांत रोवल्या जातात. तिसऱ्यात मातादोर लहान लाल कापड आणि तलवार घेऊन एकटा उरतो. अंक कधी बदलायचा हे वर सज्जात बसलेला अध्यक्ष रुमाल दाखवून ठरवतो. तिसऱ्या अंकाला घड्याळ लावलेले असते. दहा मिनिटांत बैल पडला नाही तर तुतारीची ताकीद येते, आणि तिसऱ्या ताकिदीनंतर बैल मातादोराच्या हातून जातो, ही त्याची मोठी नामुष्की. काम चांगले झाले तर प्रेक्षक पांढरे रुमाल हलवून मातादोरासाठी बैलाचा कान मागतात. सावलीतली तिकिटे महाग, उन्हातली स्वस्त. (लाल कापडाचे म्हणाल, तर बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, तो कापडाच्या हालचालीवर धावतो. रंग आहे तो प्रेक्षकांसाठी.)

या रचनेत प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो. बैलाला माफी मिळण्याचे प्रसंग घडतात, पण ते अपवाद. बैल मरणार आहे. प्रश्न फक्त कसा, किती डौलात, माणूस शिंगांच्या किती जवळ उभा राहून. हेमिंग्वेने ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये (१९३२) कॉरिदाला खेळ मानायला नकार देऊन तिला शोकांतिका म्हटले, ते याच अर्थाने. शेवट ठाऊक असला की नजर ‘काय होणार’ सोडून ‘कसे होते’ याकडे वळते. ग्रीक नाटकाच्या प्रेक्षकालाही ईडिपसचे काय होणार हे माहीत असे. कॉरिदाची सगळी परिभाषा, तिची समीक्षा आणि स्पॅनिश वर्तमानपत्रांतली तिची परीक्षणे या एका गृहीतावर उभी आहेत.

आता गोव्यात येऊ. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, म्हणून धिरयो हे कॉरिदाचे धाकटे भावंड असावे असा तर्क सहज केला जातो. मला तो पटत नाही. पोर्तुगालच्या रिंगणात बैलाला प्रेक्षकांसमोर मारत नाहीत, हे खरे. पण तिथेही बैलासमोर माणूसच असतो. आधी घोडेस्वार, मग ओळीने उभे राहून बैलाला नुसत्या हातांनी धरणारी आठ माणसे. धिरयोत बैलासमोर बैल असतो. तिची खरी भावंडे शोधायची तर ओमानच्या बातिना किनाऱ्यावर आणि फुजैरात शोधावी लागतील, जपानमध्ये उवाजिमा आणि ओकिनावाला, कोरियात चोंगदोला, तुर्कस्तानात आर्तविनला, बोस्नियात ग्र्मेचच्या डोंगराळ भागात. भाषा, धर्म, हवामान काहीही जुळत नसलेल्या या जागांमध्ये झुंजीचा निकाल मात्र एकाच रीतीने लागतो : ज्या बैलाची पाठ फिरली तो हरला.

धिरयो भरते ती कापणीनंतरच्या मोकळ्या शेतात किंवा एखाद्या मैदानात. सासष्टी तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावांत ती फेस्ताला जोडून होत असे. बांधलेले रिंगण नसते, माणसांचेच कडे असते. दोन बाजूंनी दोन बैल दाव्याने धरून आणतात. इथे पहिला मोठा टप्पा येतो, तो वाट पाहण्याचा. बैल एकमेकांकडे बघतात, डुरकतात, खुराने माती उडवतात. कधी एखादा नुसताच शेजारच्या गवताला तोंड लावतो आणि गर्दी हसते. मालक आणि त्यांची माणसे मागे उभी राहून चुचकारत, हाकारत असतात. मग दावे सुटते, डोकी खाली जातात, आणि शिंगांत शिंगे अडकल्याचा आवाज होतो.

त्यानंतर जे घडते ते पाहायला सरावलेली नजर लागते, कारण वरवर पाहता काहीच घडत नाही. दोन धुडे कपाळाला कपाळ लावून उभी असतात. धिरयोच्या चित्रफिती आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. मी त्या धंतोलीतल्या माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिल्या, तेव्हा हळूहळू लक्षात आले की डोक्यांकडे पाहून काही कळत नाही. गोष्ट मागच्या पायांत आहे. जोर तिथून येतो. खूर मातीत रुततो की घसरतो, पुठ्ठ्याचा स्नायू थरथरतो की ताठ राहतो, पाठीची कमान बाहेर येते की आत जाते, यावरून कोण दमला ते समजते. मधूनच एक बैल मान वळवून शिंग दुसऱ्याच्या गळ्याकडे नेऊ पाहतो, दुसरा पुन्हा कपाळ आणून भिडवतो. कधी हे मिनिटभरात आटोपते, कधी तासभर चालते. कॉरिदासारखे घड्याळ नाही, अध्यक्ष नाही, अंक बदलणारा रुमाल नाही. काळ बैलांच्या दमावर चालतो.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) लयीचे तीन नियम सांगितले : संवाद, विरोध आणि समतोल. शिंगे अडकलेल्या क्षणाचे वर्णन करायला समतोल हा शब्द फार सोयीचा वाटतो, आणि म्हणूनच तो इथे जपून वापरला पाहिजे. मर्ढेकरांचा समतोल कलावंताने साधलेला असतो. तो टिकावा यासाठी कृती रचलेली असते. झुंजीतला समतोल कोणी साधलेला नाही. दोन्ही बाजू तो मोडायच्या प्रयत्नात आहेत आणि प्रेक्षकही तो मोडण्याचीच वाट पाहत आहे. त्याला सौंदर्य म्हणायचे असेल तर ते पाहणाऱ्याच्या श्वास धरण्यातले आहे, रचनेतले नाही. धिरयोला ‘लोककला’ ठरवणाऱ्या भाषणांत हा फरक नेहमी गाळला जातो.

मग शेवट. तो अचानक येतो. एक बैल शिंग सोडवतो, मान बाजूला घेतो, आणि दुसऱ्याच क्षणी पाठ फिरवून धावत सुटतो. दुसरा त्याच्या मागे. आता दोन्ही बैल प्रेक्षकांच्या कड्याकडे येत असतात, आणि कडे फुटते. लोक पळतात, बांधावर, दुचाकीवर, झाडावर चढतात, हसतात, पडतात. कॉरिदात प्रेक्षक आणि वाळू यांच्यामध्ये लाकडी भिंत असते, तिच्यामागे पायऱ्यांची बैठक. आमच्या धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमसारखी, जागा ठरलेली. धिरयोत भिंत माणसांचीच, त्यामुळे शेवटाच्या क्षणी ती भिंतच धावू लागते. हरणारा बैल पळतो आणि त्याच्यासोबत प्रेक्षकही पळतात. ‘पाठ दाखवणे’ हा मराठीत अपमानाचा वाक्प्रचार आहे. पण इथे काही क्षण सगळा समुदायच पाठ दाखवत असतो, आणि त्यात त्याला मजा वाटत असते.

नाट्यशास्त्राकडे या ठिकाणी वळले तर दोन गोष्टी हाती लागतात. एक, भरताने युद्ध, राज्यनाश, मृत्यू आणि नगराचा वेढा अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून सुचवावे, असे म्हटले आहे. या मोजपट्टीने कॉरिदा अगदी विरुद्ध टोकाला बसते. तिचा सगळा डोलारा प्रत्यक्ष मरणावर उभा आहे. झुंज मध्ये कुठेतरी राहते. युद्ध प्रत्यक्ष आहे, मरण अपेक्षित नाही. दुसरी गोष्ट सिद्धीच्या अध्यायातली. प्रयोग साधला की नाही हे भरत प्रेक्षकांवरून ठरवतो. हसू, ‘अहो’, ‘साधु’, हळहळ, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे ही मानुषी सिद्धीची चिन्हे; आणि भरलेल्या प्रेक्षागृहात कसला आवाज नाही, क्षोभ नाही, ही दैवी सिद्धीची. झुंजीचा प्रेक्षक मानुषी सिद्धीची बहुतेक सगळी चिन्हे दाखवतो, आरोळीपासून पैसे फेकण्यापर्यंत. दैवी सिद्धी तिथे संभवत नाही, कारण तिच्यासाठी आपण सुरक्षित आहोत हे विसरण्याइतके सुरक्षित असावे लागते. बैल आपल्याकडे येऊ शकतो हे ज्याला ठाऊक आहे, तो कितीही रंगला तरी एक पाय उचललेलाच ठेवतो. भयानक रस आणि भय यांतला फरक आपल्या काव्यशास्त्राने मोठ्या कष्टाने आखला. झुंजीत ती रेघ पुसली जाते.

१९९६मध्ये ती पुरतीच पुसली गेली. त्या वर्षी गोव्यात धिरयो पाहायला आलेला एक प्रेक्षक बैलाच्या शिंगाने दगावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर गेले आणि वर्षअखेरीस धिरयोवर बंदी आली. बैलांच्या जखमांचा मुद्दा होताच, पण गोष्ट पेटली ती पाहणाऱ्याच्या मरणाने. तेव्हापासून ती चोरून होते : पहाटे किंवा संध्याकाळी, निरोप फोनवरून, जागा ऐन वेळी. बंदी उठवण्याची मागणी गोव्याच्या विधानसभेत अधूनमधून होत असते.

ज्या केंद्रीय कायद्याच्या आधारे हे सारे चालते, त्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे अकरावे कलम समीक्षकाने जरूर वाचावे. प्राण्यांना एकमेकांशी झुंजायला चिथावणे हा तिथे गुन्हा आहे, पण त्याला एक विशेषण लावले आहे : केवळ मनोरंजनासाठी. पुढच्याच उपकलमात प्राण्यांच्या झुंजीसाठी जागा चालवणे आणि तिथे प्रवेशासाठी पैसे घेणे येते. म्हणजे दोन बैल माळावर आपणहून भिडले तर गुन्हा नाही. त्यांना कोणी पाहण्यासाठी भिडवले तर आहे. कायद्याने गुन्ह्याच्या व्याख्येतच प्रेक्षकाला बसवले. आपल्या समीक्षेने झुंजीकडे पाहताना एवढी अचूकता कधी दाखवलेली नाही.

माळावर आपणहून चालणाऱ्या या खेळाला संस्कृतात सुंदर शब्द आहे, वप्रक्रीडा. टीकाकार त्याचा अर्थ शिंगांनी, सुळ्यांनी मातीचा उंचवटा उकरण्याचा खेळ असा देतात. ‘मेघदूता’च्या अगदी सुरुवातीला यक्षाला आषाढातला ढग दिसतो तो असाच, वप्रक्रीडेत वाकलेल्या हत्तीसारखा, आणि कालिदास त्या हत्तीला ‘प्रेक्षणीय’ म्हणतो. ते स्थळ रामगिरी, म. म. वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे रामटेक हे मत साधार मांडले. धंतोलीपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या त्या टेकडीवर, आपल्या या विषयातला सर्वांत जुना नसला तरी सर्वांत नेमका प्रेक्षक उभा आहे. तो एकटा आहे, त्याने कोणाला चिथावलेले नाही, समोर प्रतिस्पर्धीही नाही, फक्त बळ आणि माती. प्रेक्षणीयतेला झुंज लागत नाही, बळ दिसले की पुरते, हे त्या एका उपमेत आहे. धिरयोचा मैदानातला प्रेक्षक पाहतो तेही बळच. पण त्याला ते दुसऱ्या बळाने मोजलेले हवे असते, आणि पैज लावलेली असली तर लवकर मोजलेले हवे असते.

पैजेने काय बदलते? नजर बदलते. मागच्या पायांकडे पाहणारा रसिक आणि पैसे लावलेला माणूस एकाच कड्यात उभे असतात, पण दुसऱ्याला समतोलात रस नसतो. त्याला निकाल हवा असतो. शिंगे तासून टोकदार केली जातात ती याच घाईपोटी. तासलेल्या शिंगांनी ढकलण्याचा खेळ भोसकण्याचा होतो, आणि पाठ फिरवायला बैलाला वेळ मिळतोच असे नाही. झुंजीच्या बाजूने बोलण्यासारखे काही असेल तर ते एवढेच की हरणाऱ्याला पळून जाता येते. शिंगे तासणाऱ्याने तेच काढून घेतले, आणि मग कॉरिदाशी तुलना करून ‘आमच्याकडे बैल मरत नाही’ म्हणण्याचा अधिकारही त्याला उरला नाही.

विदर्भात झुंज नाही, शंकरपट आहे, आणि माझ्या मते प्रेक्षकाचा अभ्यास करायला तो अधिक चांगला. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला, भंडाऱ्यातल्या लाखनीला किंवा चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पट भरतो तेव्हा धाव असते काही सेकंदांची. जोडी सुटायला मात्र कितीतरी वेळ लागतो. बैल उधळतो, मागे सरतो, पुन्हा आणून उभा करतात. त्या वेळात प्रेक्षक बैलाची छाती, खूर, कान, धुरकऱ्याचे वजन, गेल्या वर्षीची धाव यांवर बोलतो. त्याचे समीक्षण आधीच पूर्ण झालेले असते. धाव फक्त ते तपासते. आणि झाडीपट्टीत हाच प्रेक्षक त्या रात्री नाटकाला बसतो. दिवसा पट, रात्री नाटक ही तिथली जुनी जोडी आहे. दिवाळीनंतर मंडई सुरू होतात, पटांच्या तारखा ठरतात, वडसा येथील नाटक मंडळ्यांकडे मागण्या जातात, आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालतो. नागपूर-पुण्याचा समीक्षक झाडीपट्टीच्या नाटकाला लांबण लागलेले, संथ, गाण्यांनी भरलेले म्हणतो. तो रात्रीचे नाटक पाहतो, दिवसाचा पट पाहत नाही. सेकंदांसाठी दिवसभर उन्हात उभा राहू शकणाऱ्या माणसाला चौथ्या अंकाची घाई नसते. वाट पाहणे हा त्याच्या पाहण्याचाच भाग आहे.

२०११च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाच्या प्रदर्शनावर बंदी आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. राज्याने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या वर्षांत झाडीपट्टीत नाटक थांबले नाही. दिवसाचा पट नसताना रात्रीचे नाटक चालू राहिले, यावरून काही जण म्हणतील की नाटकाला पटाची गरज नव्हती. मला वेगळे दिसते. प्रेक्षक आधीच घडलेला होता, पिढ्यान्‌पिढ्या घडलेला. सात-आठ वर्षांत तो मोडत नाही. वीस-पंचवीस वर्षे गेली असती तर काय झाले असते, हे मात्र कोणी सांगावे?

धिरयोला अशी कायद्याची वाट मिळालेली नाही, आणि मिळू नये असेच मी म्हणेन. पटात चाबूक आणि पराणी काढून घेतली तरी धाव उरते. झुंजीतून चिथावणी काढून घेतली तर वप्रक्रीडा उरेल, पण ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शेतात होणार नाही. जमलेल्या माणसांना दाखवता येणार नाही.

मराठीत हा विषय ज्या एका कलाकृतीला नीट कळला ती झुंजीबद्दल नाहीच. उमेश कुलकर्णींच्या ‘वळू’ (२००८) या चित्रपटात गावात मोकाट फिरणाऱ्या डुरक्याला पकडायला वन अधिकारी येतो आणि त्याचा धाकटा भाऊ या सगळ्याचे चित्रण करायला कॅमेरा घेऊन येतो. कॅमेऱ्यासमोर गावकरी एकामागून एक डुरक्याबद्दल बोलतात, आणि प्रत्येकाचा डुरक्या वेगळा. बैल बहुतेक वेळ चालतो, चरतो, बघतो. त्याला खलनायक बनवायचे काम बोलणारे करतात. पाहणारे जमले की साधा बैल ‘प्रयोग’ कसा होतो, हे त्या चित्रपटात विनोदाच्या अंगाने आले आहे. आमच्या समीक्षकांनी त्याच्याकडे गावगाड्यावरचे हलकेफुलके भाष्य म्हणून पाहिले आणि पुढे गेले.

आम्हा नागपूरकरांचा बैलाशी संबंध आता लाकडी उरला आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यापुरता. सजवलेला, चाकांवरचा, पोराच्या हातातल्या दोरीने ओढला जाणारा बैल. त्याला वशिंड आहे, शिंगे आहेत, झूल आहे. मागचे पाय पाटाला खिळलेले. शहरातून धिरयोवर किंवा पटावर बोलताना हा बैल आपल्या मनात असतो, हे मान्य करून बोललेले बरे. बंदीची मागणी आणि परंपरेची आरती या दोन्हींत त्या खिळलेल्या बैलाचा वाटा आहे.

चित्रफितींबद्दल आणखी एक. कॅमेरा धरणारा माणूस कड्यातच उभा असतो, म्हणून शेवट जवळजवळ कधीच टिपला जात नाही. शिंगे सुटतात, एक मान वळते, आणि त्याच क्षणी चित्र हलते. आभाळ, गवत, कोणाच्या तरी चपला, पुन्हा आभाळ. मागे आरडाओरडा आणि हसणे ऐकू येते. कोण जिंकले ते अनेकदा आवाजावरूनच कळते.